बाबांचे दिवाळी अंक, चार ट्रंका आणि दोन महिन्यांची मुदत

जुळाऱ्याची लेक, डोंबिवली

नमस्कार मंडळी. प्रश्न एका ओळीचा आहे, पण पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय विचारता येणार नाही, तेव्हा चहा घेऊन बसा.

आमची बिल्डिंग पुनर्विकासाला गेली. दोन महिन्यांत घर रिकामं करायचंय. भाड्याची जागा मिळाली ती वन बीएचके, तीही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आणि आमच्या माळ्यावर बाबांच्या चार लोखंडी ट्रंका आहेत. चारही दिवाळी अंकांनी भरलेल्या. सर्वांत जुना १९६१ चा, शेवटचा २०११ चा. मोजायला बसले आणि २८० नंतर कंबर बोलायला लागली म्हणून सोडून दिलं.

बाबा गेल्या श्रावणात गेले. राजापूरकडून एकोणिसाव्या वर्षी मुंबईत आले, गिरगावातल्या एका छापखान्यात कंपोझिटर म्हणजे अक्षरं जुळवणारे म्हणून लागले, आणि खिळे (छपाईची शिशाची सुटी अक्षरं) गेले, ऑफसेट आलं, तेव्हा त्याच छापखान्यात प्रूफं तपासायला लागले. आमच्याकडे दिवाळी म्हणजे बाबा घरी नसण्याचा सण. श्रावण लागला की त्यांची रात्रपाळी सुरू, ती थेट वसुबारसेला संपायची. मग पहिली आंघोळ करून जे झोपायचे ते पाडव्याला उठायचे. आई फराळाचं ताट त्यांच्या उशाशी झाकून ठेवायची. छापखान्यात छापलेल्या प्रत्येक अंकाची एक प्रत मिळायची. बोनस मिळेलच असं नसायचं, अंक मात्र मिळायचेच. त्याच या ट्रंका.

धाकटा भाऊ पुण्यात असतो. तो म्हणाला, "ताई, आठवण म्हणून दोन ठेव, बाकी रद्दीवाल्याला दे." रद्दीवाला येऊनही गेला. किलोला पंधरा म्हणाला, मग एक अंक उघडून वास घेतला आणि बारावर आला. दोन ग्रंथालयांत फोन केला. एकीकडे सांगितलं की जागा नाही. दुसरीकडे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पुस्तकं असतील तर सांगा, अंक नकोत." हे मला लागलं, खोटं कशाला बोलू. दिवाळी अंकाला आपण मराठी संस्कृतीचं भूषण वगैरे म्हणतो ना? मग दारात आणून देतेय तर कोणालाच का नको?

बरं, मी काही सगळे वाचणार नाही. प्रामाणिकपणे सांगते, त्यातल्या निम्म्या कथा आज वाचवत नाहीत. विनोद तर बायकोच्या लाटण्यापलीकडे जात नाहीत. पण परवा १९६१ चा अंक उघडला आणि अडकले.

त्यात एका कथेची नऊ पानं बाबांनी शिसपेन्सिलीने भरवली आहेत. जुनी भाषा तुम्हाला ठाऊकच आहे, टिंबांचा पाऊस. 'त्यानें घरांत पाऊल टाकलें, पण कोणी कांहीं बोललें नाहीं' अशा धर्तीची. एका वाक्यात सात टिंबं. बाबांनी यातल्या प्रत्येक टिंबाला खूण केली आहे. काहींना छोटासा गोल, काहींना फुली. 'मुलांनीं'मधल्या पहिल्या टिंबाला गोल करून तो खोडलाय आणि समासात बारीक अक्षरात लिहिलंय, 'हे राहणार. अनेकवचन.' प्रत्येक पानाखाली एक आकडा. पहिल्या पानाखाली १९. मी भिंग घेऊन मोजली तर त्या पानावर खूण केलेली टिंबं ६१ भरली. बाबा आयुष्यभर प्रूफं तपासणारा माणूस, बाजाराच्या हिशेबात चार आणे इकडचे तिकडे होऊ द्यायचे नाहीत, ते असं चुकतील?

एवढं कळतं की हे १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनंतरचं असणार. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम आले आणि उच्चार नसलेले अनुस्वार गेले. पण गोल कोणते, फुल्या कोणत्या, आणि १९ कुठून आले?

तर प्रश्न दोन. एक, या ट्रंकांचं काय करू? दोन, हे गोल आणि फुल्या काय आहेत? दुसऱ्याचं उत्तर नाही मिळालं तरी चालेल. (नाही चालणार.)

जाता जाता एक. आमच्या वह्यांना तपकिरी कागद कधी मिळाला नाही. छापखान्यातले वाया गेलेले फर्मे, म्हणजे अनेक पानं एकत्र छापलेले मोठे कागद, बाबा घडी करून आणायचे, त्याचीच कव्हरं. पाचवीत माझ्या भूगोलाच्या वहीवर मागच्या बाजूला एका गोष्टीचं पहिलं पान होतं. रात्री दोनला दाराची कडी वाजते आणि घरातली आत्या कंदील घेऊन उठते, इथे पान संपायचं. दारात कोण होतं ते मला आजतागायत माहीत नाही. अख्खं वर्ष भूगोलाच्या तासाला मी त्या दारात उभी होते. बाबांना विचारलं तर म्हणाले, "आम्ही अक्षरं जुळवतो, गोष्ट वाचत नाही." आता वाटतं, थाप होती.

रोखठोक ठाणेकर

ताई, राग मानू नका. रद्दीत द्या. आमच्या आजोबांचे अंक आम्ही 'नंतर बघू' म्हणत बारा वर्षं गॅलरीत ठेवले. तेरावा पावसाळा झाला आणि उघडले तर एकसंध वीट झाली होती, अंक सुटेनात. शेवटी फुकट नेले. तुम्हाला निदान बारा रुपये तरी मिळतायत.

एकच करा. देण्याआधी जाहिराती चाळा. गोष्टी शिळ्या होतात, जाहिराती होत नाहीत. शिवणयंत्राच्या, केसांच्या तेलाच्या आणि 'मुलगा नापास झाला? काळजी नको' छापाच्या जाहिरातींत तुमचं माझं लहानपण जेवढं सापडेल तेवढं कुठल्या कथेत सापडायचं नाही. आणि दीनानाथ दलालांच्या मुखपृष्ठाचा 'दीपावली' असला तर रद्दीवाल्याला दाखवूही नका. तो मला कळवा.

ग्रंथपाल, तालुक्याच्या गावी

ताई, "अंक नकोत" असं फोनवर सांगणारी माझ्यासारखीच कोणीतरी असणार, म्हणून तिच्या बाजूने बोलते.

आमचं वाचनालय 'ब' वर्गाचं. १९६७ च्या कायद्याखाली अ, ब, क, ड असे वर्ग आहेत, अनुदान वर्गाप्रमाणे मिळतं आणि तपासणीला माणूस येतो तो दाखलनोंद वही उघडून पुस्तकं मोजतो. दिवाळी अंक आम्ही दर वर्षी घेतो. वर्गणी भरून सभासद त्यावर तुटून पडतात, डिसेंबरपर्यंत मुखपृष्ठ निघून येतं, मार्चनंतर त्याला कोणी विचारत नाही. वर्ष-दोन वर्षांनी जुन्या मासिकांबरोबर ते निर्लेखित करून विकावे लागतात, कारण नवे ठेवायला तीच फळी असते. माझ्याकडे नऊ कपाटं आहेत. तुमच्या चार ट्रंका म्हणजे दोन कपाटं. मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांची दोन कपाटं उचलून तिथे १९६८ चे अंक ठेवले, तर संध्याकाळी ती मुलं काय म्हणतील ते ऐकायला तुम्ही या.

आता उपयोगाचं. 'माझ्याकडे तीनशे अंक आहेत, घेता का' असं विचारलं की उत्तर नाही असंच येणार. जुन्या मोठ्या ग्रंथालयांना ढीग नको असतो, त्यांना त्यांच्या संचातली भोकं बुजवायची असतात. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं. अशा ठिकाणी एखाद्या नियतकालिकाची पंचवीस वर्षं असतात आणि मधलं एखादंच नसतं. ते एक तुमच्याकडे असलं तर बोलणं वेगळ्या सुरात होतं. तेव्हा आधी यादी. अंकाचं नाव, वर्ष, संपादक, मुखपृष्ठ आहे की नाही, सुटलेली पानं, कसर लागली आहे का. एवढे रकाने पुरे. एका दिवसात चाळीस अंक सहज होतात, मी केलेत.

ट्रंकेतून काढल्यावर अंक उभे ठेवू नका, आडवे ठेवा. तारेचे टाके गंजले असतील तर ओढू नका, कागद फाटतो. आणि हात जोडून सांगते, फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. लोक प्रेमाने लावतात आणि दहा वर्षांनी तिथे तपकिरी डाग तेवढा उरतो.

ज्यांना यादी म्हणजे कारकुनी वाटते त्यांच्यासाठी: शं. ग. दात्यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांची सूची केली म्हणून आज आपल्याला कळतं की काय होतं. सगळीच काही आता हाताशी नाहीत.

मिशिगनवासी

ताई, सगळे स्कॅन करून टाका ना! इथे आमच्या मंडळात लोक वेडे होतील. फोनवरच्या अ‍ॅपनेही होतं. पीडीएफचा दुवा इथेच द्या. हवं तर खर्चाला हातभार लावतो.

रोखठोक ठाणेकर

@मिशिगनवासी, पैसे पाठवता तसे दोन हातही पाठवा. तीनशे अंक गुणिले दोनशे पानं, करा हिशेब. शिवाय अंक बाबांचे असले तरी कथा त्यांच्या नाहीत. लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो. १९६१ ला लिहिणारा १९९० ला गेला असेल तर २०५० पर्यंत त्याचे वारस विचारायला येऊ शकतात. घरात वाचायला चार पानं काढणं वेगळं आणि दुवा वाटणं वेगळं.

खिळेवाला, सांगली

ताई, उशिरा लिहितोय. मुलगी टाइप करून देते, मी सांगतो.

आमचा ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायच्या मशीनचा छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, सोसायट्यांचे अहवाल. १९९४ ला मशीन भंगारात दिलं. मी वयाच्या तेराव्या वर्षी केसपुढे, म्हणजे खिळ्यांच्या खानेदार पेटीपुढे उभा राहिलो, तेव्हा तुमच्या बाबांच्या पेन्सिलीबद्दल मी बोलू शकतो असं वाटतं.

देवनागरीचे खिळे दोन तऱ्हेचे. अखंड टाइपात अक्षर आणि वरची मात्रा एकाच उंचीच्या खिळ्यात बसते. डिग्री टाइपात तसं नाही. तिथे अक्षरांची ओळ वेगळी आणि तिच्या डोक्यावर मात्रा, रफार, टिंबं यांची बारीक ओळ वेगळी. म्हणजे तुम्ही एक ओळ वाचता, आम्ही दोन जुळवायचो. वर जिथे काही नसेल तिथे कोरे तुकडे भरायचे. सलग मोकळं असलं तर एक लांब तुकडा टाकला की झालं. पण मध्ये टिंब आलं की थांबायचं, आधीचा कोरा तुकडा मोजून घालायचा, चिमट्याने टिंब नेमकं अक्षरावर आणायचं, पुढे पुन्हा कोरं. टिंब म्हणजे मोहरीएवढं. हातातून पडलं तर फरशीवर शोधत बसायचं नाही, दुसरं घ्यायचं, असा आमच्या वडिलांचा नियम होता. केर काढताना सुपात टिंबं सापडायची.

आता तुमचं वाक्य घेऊ. 'त्यानें', 'टाकलें', 'बोललें' यांत टिंब मात्रेबरोबर आहे. 'नाहीं'त आणि 'कांहीं'च्या शेवटी ते वेलांटीबरोबर आहे. मात्रा आणि टिंब, वेलांटी आणि टिंब असे जोडखिळे आमच्याकडे असत. तिथे नियम बदलून काम कमी झालं नाही, एका खान्याऐवजी दुसऱ्या खान्यात हात गेला एवढंच. पण 'घरांत' आणि 'कांहीं'तलं पहिलं, ही टिंबं सुटी. ती गेली की वरची ओळ तिथे सरळ मोकळी. माझा अंदाज असा की गोल म्हणजे सुटी टिंबं आणि फुली म्हणजे जोडखिळ्यातली. पानाखालचा आकडा गोलांचाच असणार. तुमचे बाबा शुद्धलेखन शिकत होतेच, पण त्याबरोबर एका पानाला हात किती वेळा वाचला तेही मोजत होते. एकोणीस. नऊ पानांचे दोनशेच्या आसपास जातील. आठ तास उभं राहणाऱ्या माणसाला हे कोणी शिकवावं लागत नाही.

पंडितांनी त्या नियमांवर वर्षानुवर्षं वाद घातले. एका ओळीत सात टिंबं बसवणाऱ्याला कोणी विचारलं असेल असं वाटत नाही.

आता तुमची भूगोलाची वही. हे सोपं आहे. सोळा पानी फर्म्यात कागदाच्या एका अंगाला आठ पानं छापतात, पण ओळीने नाही, घडी घातल्यावर ओळीने येतील अशी. पान १ च्या शेजारी १६ येतं, ४ च्या शेजारी १३, ५ च्या शेजारी १२, ८ च्या शेजारी ९. बेरीज कायम सतरा. वाया गेलेला कागद एकाच अंगाला छापलेला असतो, म्हणून कव्हराला चालतो. वहीला दोन पानं शेजारी शेजारी पुरतात. मागच्या बाजूला डावीकडचं पान आलं तर पुढच्या बाजूला त्याचं जोडीदार. तुमच्या मागच्या पानाचा आकडा आठवतो का?

जुळाऱ्याची लेक, डोंबिवली

काका, नमस्कार करते. तुम्हाला आणि टाइप करणाऱ्या लेकीलाही.

आधी टिंबं. रात्री साडेअकराला भिंग घेऊन पुन्हा बसले. पहिल्या पानावर गोल १९, फुल्या ४२. एकसष्ट. दुसऱ्या पानाखाली २३ लिहिलंय, गोल २३. पुढे मोजलं नाही. अंक मिटवून ठेवला आणि थोडा वेळ ओट्याशी उभी राहिले. भावाला फोन केला तर तो झोपेत म्हणाला, "म्हणजे बाबा बरोबर होते ना? मग झोप आता."

मागच्या पानाचा आकडा ३६ होता. पक्का आठवतो, कारण माझा हजेरीचा नंबरही ३६ होता.

खिळेवाला, सांगली

छत्तीस म्हणजे तिसरा फर्मा, ३३ ते ४८. या फर्म्यात जोडीची बेरीज ८१. तुमच्या वहीच्या पुढच्या बाजूला पान ४५ होतं. गोष्ट ३६ ला सुरू झाली असेल तर दिवाळी अंकातली कथा आठ-दहा पानांची. ४५ वर शेवट असू शकतो, बघा. पाचवी कुठल्या साली?

ग्रंथपाल, तालुक्याच्या गावी

मी इथे दिवसभर सभासदांना सोडून हा धागा उघडझाप करतेय. ताई, लवकर शोधा.

जुळाऱ्याची लेक, डोंबिवली

पाचवी जून १९७६ ला सुरू झाली, म्हणजे फर्मा १९७५ च्या दिवाळीचा. त्या वर्षाचे ट्रंकेत सात अंक निघाले. सातही अंकांचं पान ३६ उघडलं. पाचव्यात आत्या कंदील घेऊन उभी.

३७ ते ४४ सावकाश वाचली. गोष्ट तशी बेताचीच आहे. मधली चार पानं नुसता पाऊस पडतो. दारात गावातला पोस्टमन असतो. पूर आलाय, पूल गेलाय, पलीकडच्या गावची पत्रं भिजू नयेत म्हणून रात्रीपुरती थैली ठेवायला आलाय. बस. मी पन्नास वर्षं दरोडेखोर धरून चालले होते.

आणि हो काका, शेवट ४५ वर आहे. पान अर्धंच भरलंय, खाली एक पणतीचं चित्र. पुढच्या बाजूला होता म्हणजे रोज डोळ्यांसमोर होता. मग कधी वाचला कसा नाही, हा विचार करत बसले आणि एकदम आठवलं. पुढच्या बाजूला बाबा लेबल चिकटवायचे. छापखान्यातलंच, पांढरं, चारी बाजूंनी महिरप. घरच्या खळीने चिकटवलेलं, नखानेही न निघणारं. नाव, इयत्ता, तुकडी, विषय. ते बरोबर शेवटच्या परिच्छेदावर बसत असणार. लेबलाच्या वर जो मजकूर उरायचा त्यात थैली, पोस्टमास्तर, टपाल असलं काहीतरी होतं. ती दुसरीच गोष्ट आहे असं मी समजत होते.

बाकी ठरलं ते असं. ग्रंथपालताई, तुमच्या रकान्यांची वही घातली आहे, आजवर ११२ अंक लिहून झाले. 'दीपावली' तीन निघाले, दोनांवर दलालांची सही स्पष्ट दिसते. रोखठोक, तुम्हाला एकही मिळणार नाही. यादी झाली की ठाणे आणि मुंबई दोन्हीकडे पाठवेन. जे कोणालाच नको असतील ते रद्दीत जातील, मी आता त्यावर रडणार नाही. पेन्सिल लागलेले अंक मात्र वेगळे काढतेय. आत्तापर्यंत नऊ मिळाले. १९७२ च्या एकात गोल-फुल्या नाहीत, नुसती दर पानावर एखाद्या ओळीला उभी रेघ आहे. काका, ही कशाची खूण असेल? चुका म्हणाव्यात तर त्या ओळींत एकही चूक दिसत नाही. एका पानावरची ओळ वाचून दाखवते, "आई उंबऱ्यातच बसून राहिली, आत या म्हणायचं सुचेना." अशाच सगळ्या.

खिळेवाला, सांगली

ही छापखान्याची खूण नाही, ताई.